हेन्रीची गिटार

"आजकालची पोरं गिटार वाजवत नाहीत," कॉस्मस अंकल म्हणाले. "तिच्याशी कुस्ती खेळतात."

आयडाने चहाचा कप त्यांच्या दोन्ही हातांत नीट धरवला. त्यांच्या एका डोळ्यावर मोतीबिंदूच्या ऑपरेशनची पट्टी होती आणि दुसऱ्या डोळ्याला मोतीबिंदूमुळे सगळं धुक्यासारखं दिसायचं.

पप्पांना जाऊन वर्ष झालं म्हणून सकाळी चर्चमध्ये मिस्सा झाली. जेवणं उरकून पाहुणे गोराईच्या लाँचने परत गेले. अंकल तेवढे मागे राहिले, पप्पांच्या आरामखुर्चीत. गोरेगावच्या स्टुडिओत ते पप्पांच्या शेजारी बसून व्हायोलिन वाजवत असत. रीतीप्रमाणे घरात वर्षभर गाणं नव्हतं. कॅसेटवाल्या रेडिओवर आयडाने विणलेला रुमाल टाकला होता. आजपासून तो काढायला हरकत नव्हती. तिने काढला नव्हता.

पप्पांच्या गिटारची पेटी भिंतीशी उभी होती.

"खाऱ्या हवेत नुसती पडून सडेल ती, अंकल. मला तर वाजवता येत नाही."

"म्हणून कुणालाही द्यायची?"

"कुणालाही नाही. दहिसरचा एक मुलगा आहे, स्टुडिओत वाजवतो. आज चारला येणार आहे. तुम्ही ऐका. तुम्ही हो म्हणालात तरच देईन."

"स्टुडिओत आता वाजवतं कोण? पायाखाली डबा ठेवतात आणि बटण दाबतात. बटण दाबून आवाज मोठा होतो बाय, हात मोठा होत नाही. तुझ्या पप्पाच्या, हेन्रीच्या नखाची सर येईल असा एक दाखव मला."

"पप्पा सांगायचे, तुमच्या वेळचे म्हातारेही तुमच्याबद्दल असंच बोलायचे."

"बोलायचे. चुकत होते ते."

"आणि तुम्ही?"

"आम्ही कशाला चुकू?"

आयडा हसली. त्या घरात हसल्याचा आवाज तिला जरा मोठाच वाटला.

अंकलनी चहा संपवला आणि कप हवेत धरून ठेवला. तिने तो घेतला.

"एखादी टेप तरी ठेवायला हवी होती त्याने," ते म्हणाले. "एवढ्या गाण्यांत आहे तो, पण नाव कुठेच नाही."

"सगळी कपाटं पाहिली. एकही नाही मिळाली."

"हं. तो दहिसरवाला आला की उठव मला. ऐकतो आणि नाही म्हणतो. कितीसा वेळ लागणार?"

थोड्या वेळाने ते घोरू लागले. आयडा खिडकीशी बसून राहिली. वर्षभर शाळेत शिकवून आल्यावर ती अशीच बसत आली होती. आज निदान कुणाच्या तरी श्वासाचा आवाज होता.

दहिसरचा चंद्रप्रकाश चारच्या आधीच आला. ओहोटी लागण्यापूर्वी परतीची लाँच गाठायची म्हणून, असं त्याने दारातच सांगितलं. तिने ओठांवर बोट ठेवलं, पेटी उचलून बाहेर ओट्यावर आणली आणि दार लोटून घेतलं.

"आत अंकल झोपलेत. हळू वाजव."

"मग ते ऐकणार कसे, ताई?"

"उठवते. तू आधी सुरात लाव."

त्याने खिशातून नव्या तारा काढल्या. गंजलेल्या तारा एकेक करून उतरवल्या आणि गुंडाळून तिच्या हातात दिल्या. टाकून दिल्या नाहीत. मग सूर लावून त्याने एक संथ तुकडा सुरू केला. खालच्या सुराशी जाड तार खरखरली. ती खरखर आयडाला लहानपणापासून माहीत होती. पप्पांशिवाय ज्याने ज्याने गिटार हातात घेतली, त्याच्या बोटांखाली ती खरखरायचीच.

चंद्रप्रकाश थांबला. मान वाकवून त्याने गिटारच्या पट्टीकडे पाहिलं आणि तोच तुकडा पुन्हा घेतला. खरखर कमी झाली. तिसऱ्यांदा त्याने बोट किंचित पुढे सरकवलं आणि सूर स्वच्छ उमटला. मग तो थांबला नाही.

आयडा अंकलना उठवायला आत गेली. ते जागेच होते. खुर्चीत सरळ बसले होते, चेहरा दाराच्या उलट दिशेला, रेडिओकडे वळवून.

"मिळाली ना गो टेप?"

"अंकल, ते..."

"बोलू नकोस. ऐक. हा थांबला बघ. सुराआधी श्वास घेतो हेन्री. आहे का आज कुणाजवळ एवढा धीर?"

त्यांचा डावा हात खुर्चीच्या दांड्यावर होता आणि त्याची चार बोटं एकामागून एक लाकडावर दाबली जात होती. व्हायोलिनची साथ चालू होती. खिडकीतून आयडाला चंद्रप्रकाशची पाठ दिसत होती, घामाने शर्ट चिकटलेली.

"कुठे होती?" अंकलनी विचारलं.

आयडा दाराला टेकून उभी राहिली.

"घरातच होती," ती म्हणाली.

बाहेरचा तुकडा संपला. दांड्यावरची बोटं थोडा वेळ तशीच दाबलेली राहिली.

"संपली," अंकल म्हणाले. "दुसरी बाजू लाव, बाय."

आयडा ओट्यावर आली. चंद्रप्रकाश गिटार पेटीत ठेवत होता.

"उठले का? काय म्हणाले?"

तिने त्याच्या हाताखालून पेटी ओढून बाजूला केली आणि पायरीवर बसली. कॅसेट उलटायला लागतो तेवढा वेळ जाऊ दिला.

"अजून एक वाजव," ती हळूच म्हणाली.