तीन सेकंद दाबून धरा

"नुसतं बोट लागलं अन् मेसेज गेला, त गाव रोजच पळत सुटंल," बचत गटाच्या दुर्गाबाई म्हणाल्या.

पल्लवीला ते पटलं. बायांच्या मदतीसाठी ती फोनवरचं ॲप बनवत होती; तिने लॅपटॉपवर त्यातल्या लाल बटणावर क्लिक केलं. बाजूला दोन रकाने उघडले. बटणाला काय झालं, आणि मग काय करायचं. पहिल्या रकान्यातलं 'दाबल्यावर' काढून तिने 'तीन सेकंद दाबून धरल्यावर' निवडलं. दुसऱ्यात दोन कामं जोडली. दाबणाऱ्याचा फोन नंबर आणि वेळ नोंदीत लिहायची, आणि यादीतल्या सगळ्यांना त्या घराचं नाव पाठवायचं. बटण घरातल्या कोणत्याही फोनवर चालणार होतं. कोडची एक ओळही लिहावी लागत नव्हती. केनवडच्या सेवा केंद्रात दाखल्यांचे फॉर्म भरता भरता ती हे शिकली होती.

"आता पाहा," म्हणून तिने बटण दाबून धरलं. ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये बसलेल्या बचत गटाच्या बायांचे फोन एकदम वाजले. कोणी हसलं नाही. मागच्या वर्षी केशरबाईला नवऱ्याने कुऱ्हाडीच्या दांड्याने मारलं, तेव्हा तिचं ओरडणं सगळ्या आळीने ऐकलं होतं. एकाही घरातून कोणी उठलं नव्हतं.

"या वेळी दार तोडू," दुर्गाबाई म्हणाल्या.

नवव्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास फोन वाजले. मेसेजमध्ये एवढंच होतं: 'मदत. शीला गुलाबसिंग यांचं घर, वरची आळी.'

पल्लवी केंद्र उघडं टाकून पळाली. चौकात दुर्गाबाई मुसळ घेऊन भेटल्या. मागून बाया येतच होत्या. कोणाच्या हातात काठी, कोणाच्या हातात वरवंटा.

दार तोडावं लागलं नाही. ते उघडंच होतं. शीला जमिनीवर पडली होती. तिचा जबडा एका बाजूला लोंबत होता. तिचं डोकं मांडीवर घेऊन तिचा नवरा बसला होता. गुलाबसिंगचे हात कोपरापर्यंत लाल झाले होते. दारातच शीलाचा भाऊ किशन उभा होता, हातात लोखंडी सब्बल घेऊन. तो खालच्या आळीत राहायचा.

"मारून टाकली माह्या बहिणीले यानं!" किशन ओरडला. "मेसेज पाह्यला अन् तसाच पळत आलो!"

गुलाबसिंगने मान वर केली. "दुर्गाबाई, मी..."

किशनची सब्बल त्याच्या तोंडावर बसली. दातांचा आवाज झाला. मग बाया तुटून पडल्या. दुर्गाबाईंचं मुसळ खांद्यावर, पाठीवर, पुन्हा पाठीवर. पल्लवीने आजवर कोणाला चापट मारली नव्हती. तिने चुलीजवळचं सरपणाचं लाकूड उचललं आणि त्याच्या बरगड्यांवर घातलं. आत काहीतरी मोडलेलं तिच्या हाताला कळलं. तिने दुसऱ्यांदा मारलं. त्याने हात वर केले नाहीत. तो शीलावर पालथा पडून राहिला, आणि बायांना वाटलं की तो अजूनही तिला दाबतोय. म्हणून त्यांनी आणखी मारलं.

शीलाने जमिनीवर हात आपटला. तिच्या घशातून घरघर निघाली.

"पाहा, अजून नवऱ्यासाठीच जीव तुटून राह्यला हिचा," दुर्गाबाई म्हणाल्या आणि रडू लागल्या.

किशनने बहिणीला उचलून गाडीत घातलं. तिच्या डाव्या अंगठ्याला निळी शाई लागली होती, कागदावर ठसा उठवल्यासारखी. किशनने ती आपल्या रुमालाने पुसली.

गुलाबसिंग रिसोडच्या दवाखान्यात पोचण्याआधीच गेला.

शीलाला वाशिमला नेलं. जबडा तारेने बांधला. ती शुद्धीवर येत नव्हती. किशन तिच्या खाटेपासून हलत नव्हता. पोलिसांनी बायांचे जबाब घेतले. सगळ्यांनी एकच सांगितलं, "आमी सगळ्यांनी मारलं." अटक अजून कोणालाच झाली नव्हती. गावात पल्लवीचं नाव झालं. शेजारच्या गावच्या बाया बटण मागायला आल्या. तिने त्यांना चहा पाजला आणि परत पाठवलं.

पाचव्या दिवशी पोलिसांचे जमादार केंद्रात आले. खुर्ची ओढून बसले.

"ताई, बटण कोणी दाबलं, किती वाजता, तेवढं काढून द्या. शीलाबाईनं दाबलं असं दिसलं, म्हणजे तुमच्या बायांची बाजू जरा तरी भक्कम होते."

पल्लवीने नोंद उघडली. त्या दिवसाची एकच ओळ होती. अकरा वाजून सात मिनिटं. पुढे नंबर. तिने बचत गटाचं रजिस्टर घेऊन नंबर ताडून पाहिला. बोट ओळीवर ठेवून पुन्हा पाहिला.

"काय झालं?"

"हा शीलाचा नाही," ती म्हणाली. "तिच्या नवऱ्याचा आहे. बटण गुलाबसिंगनं दाबलं."

"म्हणजे? बायकोले मारणारा माणूस स्वतःच मदत बोलावते?"

पल्लवीच्या तळहातांना ते लाकूड पुन्हा जाणवलं. तेवढ्यात तिचा फोन वाजला. किशन होता.

"पल्लवीताई, शीलानं आत्ताच डोये उघडले," तो हळू आवाजात म्हणाला. "तुमी कोणी येऊ नका इकडं. पोलिसायलेही इतक्यात सांगू नका, शीला घाबरंल. नर्सबाईलेही बाहेर पाठवलं मी. मी हाय तिच्यापाशी."

फोन बंद झाला. जमादारांनी वही उघडली.

"बरं, अन् मेसेज कोणाकोणाले गेला, तेही सांगा."

पल्लवीने यादी उघडली. वरून खाली एकतीस नावं होती. सगळ्या बाया. किशनचा नंबर त्यात नव्हता.