अठराच मतं

"हेनिंग पाउलसेन, अठरा मतं."

सभापतीबाईंनी आकडा वाचला आणि वीबके चक्रावलीच. अठराच? भावाच्या चिमुकल्या पक्षाची या सभागृहात माणसंच अठरा, खुद्द हेनिंग धरून. मग तिचं मत गेलं कुठे? तिने आडोशाला जाऊन, स्वतःच्या हाताने हेनिंगच्या नावापुढे फुली मारली होती!

वीबके हुसुम गावात पोरांना पोहायला शिकवायची. राष्ट्राध्यक्ष निवडायला खासदारांच्या जोडीने राज्यं अशी साधी माणसंही बर्लिनला धाडतात. तिला धाडलं होतं मोठ्या पक्षाने. त्यांच्या रोटरमुंडबाई निवडून येणार, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. हेनिंग उभा होता तो नुसता नावाला.

वडिलांच्या शेतात पवनचक्क्या लावायच्या की नाही, यावरून बहीणभावांत कित्येक वर्षं अबोला होता. या एका मताने तो मोडायचा, असं तिने ठरवलं होतं. अठराऐवजी एकोणीस मतं निघतील आणि जादाचं मत कुणाचं, हे हेनिंगला आपसूक कळेल. आता तिने सांगितलं तरी तो खोटारडीच म्हणणार. तिला रडूच यायला लागलं.

रोटरमुंडबाईंना फुलं मिळाली, सगळे उभे राहिले, राष्ट्रगीत झालं. बाहेर हेनिंग उभ्याने खायच्या उंच टेबलाशी एकटाच बटाट्याचं सूप पीत होता. वीबके तडक त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"मी मत तुला दिलं होतं. आईची शपथ. आकडा असा कसा आला, मला काही कळत नाही बघ."

हेनिंगने चमचा खाली ठेवला. त्याचे कान लालबुंद झाले.

"तुमच्यातलाच कुणीतरी फुटलाय रे!" ती म्हणाली.

"फुटलाय खरा. मीच."

"तू? स्वतःला मत नाही दिलंस?"

"आई काय म्हणायची? आपली स्तुती आपणच केली की घाण मारते."

"अरे येड्या, मग कोरी टाकायचीस चिठ्ठी!"

"तुमच्या रोटरमुंडबाईंना दिलं."

"त्यांना? तुला तर त्या डोळ्यांपुढे नको असतात!"

हेनिंगने चमचा उचलून सुपात फिरवला.

"म्हटलं, तू काही माझ्याशी बोलायची नाहीस. निदान एकदा तरी आपण दोघं एका बाजूला असू."