पुठ्ठा कोरडाच

मायबाप, जरा जवळ सरका. एका मिस्त्रीची गोष्ट सांगतो, छोटीशीच आहे.

त्याची म्हातारी आई तापानं फणफणली होती. तीन दिवस तिच्या घशाखाली पाण्याचा घोट उतरला नव्हता. बाराच्या आत दवाखान्यात आणा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आणि जगाच्या गाड्या नीट करणाऱ्या या माणसाची स्वतःची जुनी गाडी नेमकी गॅरेजच्या दारात उकळली.

"पाचच मिनिटं, आई."

"तुझी पाच मिनिटं शाळेपासून ऐकतेय," मागच्या सीटवर पडल्यापडल्या ती पुटपुटली.

रेडिएटरचा पाइप चिरला होता. त्यानं तो बदलला, क्लिप आवळली आणि इंजिन गार ठेवणारं, डब्यावर विषाची कवटी छापलेलं हिरवं कूलंट ओतलं. थेंब पडलाच तर दिसावा म्हणून इंजिनाखाली पुठ्ठा सरकवला. गळती तपासायला पंपानं दाब दिला. दाबाचा काटा तसूभर खाली आला नाही. पुठ्ठा कोरडा.

तरी कूलंट पेलाभर कमी.

त्यानं पुन्हा भरलं. पुन्हा पेलाभर कमी. साडेअकरा झाले. देवाचा धावा करत त्यानं तिसऱ्यांदा ओतून डबा रिकामा केला.

तेवढ्यात मागून आवाज आला, चांगला तरतरीत.

"बाळा, आता नको ओतूस. पोट भरलं माझं."

तो बॉनेटआडून धावला. आई चादरीच्या टोकानं ओठ टिपत होती. टोक हिरवं झालं होतं.

मायबाप, आज हात जोडाल तेव्हा त्या लेकाची आठवण ठेवा. तिन्ही वेळा त्यानंच ओतलं होतं.