पुढील सूचनेपर्यंत

आजींच्या टाचा तान्ह्या बाळासारख्या मऊ होत्या, एकही भेग नव्हती. वृद्धांसाठी नव्यानेच निघालेल्या विभागाच्या प्रमुख डॉक्टरबाई पहिल्या फेरीतच त्या खाटेशी थबकल्या.

"किती वर्षं अंथरुणावर आहेत या?"

"अकरा," सिस्टर म्हणाल्या. "म्हातारपणाला कसला आलाय वेगळा विभाग, बाई? इथून माणसं बाहेर जातात, पण चौघांच्या खांद्यावर."

डॉक्टरबाईंनी आजींचा गुडघा वाकवला. तो सहज वाकला. तळव्याला हात लावून त्या म्हणाल्या, "ढकला बघू." आजींनी असं ढकललं की डॉक्टरबाईंचाच तोल गेला.

"पांघरुणाखाली रोज हलवते मी पाय," आजी कुजबुजल्या. "सिस्टरांना सांगू नका, ओरडतील."

"मग उठला का नाहीत?"

"असं कसं उठू? हाड मोडलं होतं ना माझं. मी सांगेपर्यंत उठायचं नाही, असं त्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. चुणचुणीत पोर होती. परत आलीच नाही."

डॉक्टरबाईंनी जुनी फाइल मागवली. महिन्यामागून महिने एकच ओळ उतरवत आणलेली होती: पूर्ण विश्रांती, पुढील सूचनेपर्यंत. तळाच्या पिवळ्या कागदावर ती पहिल्यांदा लिहिणाऱ्या शिकाऊ डॉक्टरची सही होती. ती सही डॉक्टरबाईंची स्वतःची होती.

फाइल मिटून त्यांनी खाटेच्या कडेला ठेवली. मग त्यांनी दोन्ही हात पुढे केले.

"आजी," त्या म्हणाल्या, "उठा आता."