तीन मिनिटांतली मनकर्णाबाई

“म्हणजे त्या बाई बऱ्या झाल्या?” सुचिता मॅडमनी स्टॉपवॉच थांबवलं. “मग गोष्ट तिथंच संपली की, प्रतीक्षा.”

बुलडाण्यातल्या एका कॉलेजच्या सभागृहात तरुण संशोधकांचं शिबिर चालू होतं. आपलं संशोधन साध्या माणसाला तीन मिनिटांत कसं सांगायचं, ते शिकवायला मॅडम पुण्याहून आल्या होत्या. प्रतीक्षाचा विषय होता खारं पाणी आणि मूत्रपिंडाचे आजार. संग्रामपूरकडच्या आपल्याच गावातल्या बोअरचं पाणी आणि लोकांचं रक्त तिनं तपासलं होतं. पहिल्या दिवशी ती तक्ते दाखवत बोलली, तेव्हा मागच्या रांगेनं मोबाईल काढले. “आकडे राहू दे, माणूस दाखव,” मॅडम म्हणाल्या. म्हणून तिनं गोष्टीत शेजारच्या मनकर्णाबाईला आणलं.

मनकर्णाबाईचं सगळं खरंच होतं. पायांवर सूज यायची, मिरचीच्या रानात काम करता करता ती मधेच बसकण मारायची. मूत्रपिंड खराब व्हायला लागलंय हे प्रतीक्षाच्याच तपासणीत निघालं. तिनंच बाईला खामगावच्या डॉक्टरकडे नेलं, बोअरचं पाणी सोडून कॅनचं प्यायला लावलं, गोळ्या कशा घ्यायच्या ते पुन्हा पुन्हा समजावलं. आजार पुरता गेला नाही, पण वाढायचा थांबला. बाई परत रानात जाऊ लागली. प्रबंधात या सगळ्याला जेमतेम एक ओळ मिळाली होती. प्रतीक्षाला सगळ्यात जास्त अभिमान होता तो त्याच ओळीचा.

“शेवट पकड घेत नाहीये गं,” मॅडम मायेनंच म्हणाल्या. “ऐकणारा घरी काय घेऊन जाईल? बघ विचार करून.”

खोटं बोल, असं काही त्या म्हणाल्या नव्हत्या. हे प्रतीक्षानं पुढे स्वतःला किती वेळा तरी बजावलं. तेवढ्यानं काही हलकं वाटलं नाही.

शेवटच्या दिवशीच्या स्पर्धेला सभागृह गच्च भरलं. वऱ्हाडी हेल लपवता येत नाही म्हणून प्रतीक्षा कॉलेजात कायम मागे बसत आली होती. आज ती बोलत होती आणि लोक ऐकत होते. कुणी खोकलंसुद्धा नाही. पुढच्या रांगेतल्या एका बाईनं पदर डोळ्यांना लावला. आता फक्त बरं झाल्याचं सांगायचं उरलं होतं. ते ओले डोळे पाहून प्रतीक्षा क्षणभर थांबली.

“मागच्या उन्हाळ्यात मनकर्णाबाई गेली,” ती म्हणाली. “आपण वेळेवर पाणी तपासलं असतं, तर ती आज मिरच्या तोडत असती.”

टाळ्यांचा असा कडकडाट झाला की तिला स्वतःचं “धन्यवाद” ऐकू आलं नाही. पहिलं बक्षीस तिलाच मिळालं. मॅडमनी तिला मिठी मारली. शेवटाबद्दल त्या काही बोलल्या नाहीत, तिनंही विषय काढला नाही. व्हिडिओ मात्र भराभर फिरला, गावातही पोचला.

काही आठवड्यांनी आईचा फोन आला. “मनकर्णाबाईनं अंथरून धरलं वं. तू येऊन जाय.”

नांदुऱ्याहून बसनं येताना प्रतीक्षानं माफीचे शब्द जुळवून ठेवले होते. बाई शिव्या घालेल, अंगणात उभं करणार नाही, सगळ्याची तिनं तयारी केली होती. पण मनकर्णाबाईनं तिला पाहून बाजेवर सरकून जागा केली. पाय पुन्हा सुजले होते. सून समतानं तांब्या पुढे केला. पहिल्याच घोटाला प्रतीक्षाची जीभ खारटली.

“कॅन बंद केला त्यायनं,” समता हळूच म्हणाली. “गोयाबी सोडल्या. आयकतच नाहीत.” तिच्या हातात सासूनं स्वतःहून उतरवून दिलेल्या चांदीच्या पाटल्या होत्या.

“मोठमाय, गोया काऊन बंद केल्या?”

“आता कायले खाऊ वं? तू सांगतलं ना मोबाईलात.” मनकर्णाबाईच्या आवाजात राग नव्हता. “पहिलं त मी हासली. म्हटलं, मी त जित्ती हावो. मंग समजली. माह्या रिपोर्टात निंगालं असन, हे बाई आता वाचत नाही म्हनून. तोंडावर सांगाले तुले जड गेलं असन. मी नाही रागावली, पोरी.”

प्रतीक्षा बाजेजवळ खाली बसली. ते खोटं होतं, टाळ्यांसाठी होतं, सगळं तिनं सांगून टाकलं. पिशवीतून जुने रिपोर्ट काढले. आजार थांबला होता, गोळ्या आणि पाणी सुरू केलं तर अजूनही थांबेल, हे तिनं गावच्या बोलीत, एकही आकडा न घेता, बाईचा हात हातात धरून समजावलं. आजवर इतकं सोपं, इतकं खरं ती कुठंच बोलली नव्हती.

मनकर्णाबाईनं सगळं मन लावून ऐकलं. मग रडणाऱ्या लेकराला उगी करावं तसा तिच्या गालावरून हात फिरवला.

“राहू दे माय, माह्या जिवाले बरं वाटावं म्हनून बोलून राह्यली तू. नाही त तू एवढी शिकलेली पोरगी, तेवढ्या लोकायसमोर खोटं बोलशीन काय?”