आधी त्याला बघा

कँटीनच्या टेबलावर झोपायला कोणी तयार होईना. प्रथमोपचार शिकवताना जखमी माणसाचं सोंग घ्यायचं, एवढंच काम. पण एरवी चालू मशीनमध्ये बेधडक हात घालणारे गडी आज एकमेकांना कोपरानं ढोसत होते. धडधाकट माणसानं असं पडून राहणं बरं नव्हे, असं एकजण पुटपुटलासुद्धा.

"मी झोपतो," मोशीचा ज्ञानदेव म्हणाला आणि चपला काढून टेबलावर चढला.

शिकवायला उभ्या असलेल्या साहेबरावांनी हातातली पट्टी उगाच पुन्हा गुंडाळली. पंचवीस माणसांतून नेमका हाच! कंपनीच्या प्रथमोपचार खोलीत नोकरीला लागल्यापासून दोन वर्षं ते या माणसाला चुकवत आले होते. त्याआधी ते पलटणीत जखमींची मलमपट्टी करायचे. एकाहत्तरच्या लढाईत ज्ञानदेवचा धाकटा भाऊ किसन त्यांच्यासमोर गेला होता. ज्ञानदेवला हे ठाऊक नव्हतं. किसनला जागच्या जागी मरण आलं, असं पत्र घरी आलं होतं. त्याला त्रास झाला नाही, एवढ्या एका गोष्टीवर ते घर सावरलं होतं.

पहिली पाळी नुकतीच सुटली होती. माणसं बाकांवर दाटीवाटीनं बसली. साहेबरावांनी ज्ञानदेवचे पाय उचलून खोक्यावर ठेवले.

"रक्त गेलेला माणूस ओळखायचा कसा?"

"बोंबलतो त्यो!" मागून आवाज आला. सगळे हसले.

"बोंबलतो त्याच्यात अजून दम असतो. गप्प बसलाय त्याच्याकडे आधी जा." साहेबरावांनी ज्ञानदेवचा हात हातात घेतला. "पुस्तकात लिहिलंय, चेहरा पांढरा पडतो. आपल्या रंगात ते चटकन कळत नाही. नख दाबायचं आणि सोडायचं. लाली लगेच परतली पाहिजे. अंग गार पडतं, दरदरून घाम येतो. नाडी बारीक होते आणि पळते. तहान लागते, पण पाणी द्यायचं नाही. आणि तुमचा तो साखरेचा चहा तर मुळीच नाही. जखम घट्ट दाबून धरायची, माणूस आडवा करायचा, अंगावर घोंगडं टाकायचं आणि गाडी बोलवायची."

माना हलल्या. आता एवढ्यावर उरकलं असतं. पण पुढच्या बाकावरच्या धोंडीबानं हात वर केला.

"आन् त्यो सोताच म्हनला, मला काय झालं न्हाई, तर वो? सुदीवर हाय, नीट बोलतोय. मग त्याचं ऐकायचं का न्हाई?"

ऐकायचं नाही, एवढं म्हटलं की झालं होतं. साहेबरावांचा अंगठा ज्ञानदेवच्या नखावर होता. नखाखाली लाली येत होती, जात होती. या हाताची ठेवण थेट किसनसारखी होती. साहेबरावांना स्वतःची लाज वाटली.

"मी ऐकलं होतं," ते म्हणाले. "लढाईत. एकाला मांडीत लागलं होतं. पट्टी त्यानं स्वतःच बांधली आणि भिंतीला टेकून बसला. शेजारी दुसऱ्याची बोटं तुटली होती, तो ओरडून ओरडून सगळं डोक्यावर घेत होता. हा मला म्हणाला, माझं काय न्हाई, आधी त्याला बघा. मी गेलो. याची नाडीसुद्धा बघितली नाही. अर्धं मिनिट लागलं असतं. रक्त पट्टीखालून पँटमध्ये उतरत होतं, मातीत जिरत होतं. मी परत आलो तेव्हा तो तसाच बसलेला होता. मला वाटलं, डोळा लागला."



"कुठला व्हता गडी?" धोंडीबानं हळूच विचारलं.

साताऱ्याचा म्हणता आलं असतं. नगरचा म्हणता आलं असतं.

"मोशीचा," साहेबराव म्हणाले.

ज्ञानदेव उठला नाही. त्यानं हातही सोडवून घेतला नाही. तो वर छपराच्या पत्र्याकडे बघत राहिला.

"म्हंजी जागच्या जागी न्हाई गेला," तो म्हणाला.

"नाही, भाऊ. मी त्याला शेवटी ठेवलं. चूक माझी. आणि दोन वर्षं तुमच्यासमोर तोंड उघडलं नाही, ती दुसरी."

बाकावरचं कोणीतरी खोकलं. ज्ञानदेवच्या डोळ्याच्या कडेनं पाणी कानाकडे ओघळलं. त्यानं ते पुसलं नाही.

"घरी बी त्याचं तसंच व्हतं," तो पत्र्याकडे बघतच म्हणाला. "पोटात आग पडली तरी म्हनायचा, मला न्हाई भूक, आधी त्यास्नी वाढ. म्हनून तर आय सगळ्यांच्या आधी त्याची भाकर बाजूला काढून झाकून ठेवायची."