शेवटचं चाक

ओहायोतल्या म्हाताऱ्या डेल्बर्टचं रविवारी एक वेळ चर्च चुकेल, पण गॅरेजातल्या लाल स्पोर्ट्स कारच्या ब्रेकमधली हवा काढणं चुकायचं नाही. शेजारी हसायचे, "गाडी दाराबाहेर निघत नाही, अन् ब्रेकचे लाड बघा!"

एकेका चाकाआड आडवा होऊन, हवेच्या स्क्रूला पाना लावून तो ओरडायचा, "लोर्ना, दाब!"

आत बसलेली बायको पेडल दाबून खेकसायची, "दाबलंय रे डेल्बर्ट! आटप, पाय भरून आला. लग्न झाल्यापासून हेच चाललंय तुझं!"

ही बोलणी तो चवीने खायचा आणि शेवटचं चाक मुद्दाम लांबवायचा.



मग लोर्ना गाडीतून उतरायची, त्याच्याकडे अनोळखी नजरेने बघायची आणि आदबीने म्हणायची, "दमलात हो तुम्ही, मेकॅनिक. कॉफी घेऊन जा, माझा डेल्बर्ट येईलच इतक्यात."